कोर्ट इकडे आहे

मी घर सोडलं ते कंपनीच्या बसमधून. तिसरी शिफ्ट सुटली की कामगारांना निगडीला नेऊन सोडणारी बस सकाळी निघोज्याच्या फाट्यावरून जायची. अप्पांनी तिला हात केला. खरं तर त्या कंपनीने अप्पांना आदल्या दिवाळीतच कामावरून कमी केलं होतं, पण ड्रायव्हर जुन्या ओळखीचा, त्याने बस थांबवली आणि समोर बघत राहिला. माझी पेटी, गादीची वळकटी आणि मायने बांधून दिलेला धपाट्यांचा डबा अप्पांनी वर चढवला. बसमधली निम्मी माणसं खरोखरच झोपलेली होती. उरलेल्यांनी अप्पांना पाहून डोळे मिटले. वर्षानुवर्षं अप्पांच्या डब्यात हात घालून जेवलेली माणसं ही. काढून टाकलेल्या माणसाशी बोलताना कुणी बघितलं तर उद्या आपला नंबर, ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरी मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

माय फाट्यापर्यंत आली होती. ती म्हणाली, "तिकडं कुणाला उलटून बोलू नको बाई."

अप्पा म्हणाले, "अगं, बोलायचंच शिकाया चालली ती."

हे लिहिते आहे ते निघोज्यातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये अजून राहणाऱ्यांसाठी आणि माझ्यासारखे जे तिथून निघाले त्यांच्यासाठी. कौतुकाचं काही निघेल असं समजून वाचू नका. आमच्या हिंगोलीकडच्या भावकीत आजही म्हणतात की गाव सोडलं ते अप्पांनी. मी काय, निघोज्यातून निगडीच्या पुढच्या लॉ कॉलेजला गेले, मधे तळवडे आणि ट्रॅफिक. एवढ्याला परगावी जाणं कोण म्हणेल? दुबईला गेलेला पोरगा सुट्टीला आला की गल्ली गोळा होते. तासाभराच्या अंतरावर जाऊन बदललेल्या पोरीला मात्र सगळे विचारतात, तू तर इथेच असतेस ना?

मी का गेले ते आधी सांगायला हवं. अप्पा आणि त्यांच्यासोबतचे पंधरा-वीस जण एकाच वेळी काढले गेले होते. कागदावर ते कंपनीचे कामगारच नव्हते, ठेकेदाराचे होते. लाइन कंपनीची, गणवेश कंपनीचा, शिव्या कंपनीच्या सुपरवायझरच्या, फक्त माणसं ठेकेदाराची. त्यांच्यातले बबनकाका तर निघोज्याचेच. त्यांचं रान गेलं त्या जागेवर ती कंपनी उभी होती, आणि रानाच्या बदल्यात मिळणारी नोकरी त्यांनाही ठेकेदारामार्फतच मिळाली होती. आम्ही त्यांच्याच खोलीत भाड्याने राहायचो. या सगळ्यांची केस पुण्याला लेबर कोर्टात होती. तारखेला सगळे मिळून जायचे, मागे उभे राहायचे आणि परत यायचे. वकील त्यांच्याकडे बघायचा नाही. आत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर त्यालाच विचारावं लागायचं, आणि तो चालता चालता सांगायचा. एकदा तसेच परत आल्यावर अप्पा म्हणाले, "आपलं म्हननं आपल्यातल्याच कुनीतरी मांडाया पायजे." मी बारावीला होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, पण मला कळलं.

मला बोलता येत होतं, हे निघोज्यात सगळ्यांना माहीत होतं. ते मी शाळेत शिकले नाही, गेट मीटिंगला शिकले. शिफ्ट बदलायच्या वेळी कंपनीच्या गेटसमोर रस्त्यावर माणसं थांबायची. एक क्रेट पालथा घालायचा, त्यावर उभं राहून बोलायचं. आमच्याकडे एक रिवाज होता: बोलणाऱ्याची पाठ नेहमी गेटाकडे. गेटावर कॅमेरा असायचा, साहेब लोक काचेआडून बघत असायचे, आणि अप्पा त्यांच्याकडे एकदाही वळायचे नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "गेटाशी काय बोलायचं? ते ऐकतंय व्हय? बोलायचं ते आपल्या मानसांशी." मला ते क्रेटवर उभं करायचे. आधी शाळेतलं पाठ केलेलं भाषण, मग जयंतीच्या मंडपात, आणि अकरावीत असताना कॅन्टीनच्या जेवणावर मी स्वतःचं असं बोलले, तेव्हा बबनकाकांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली होती. मला वाटायचं, हेच बोलणं. याला फक्त काळा कोट चढवायचा बाकी आहे.

कॉलेजात एक ॲडव्होकसी सोसायटी होती. विद्यार्थ्यांचीच संघटना. लुटूपुटूचं कोर्ट भरवायचं, त्यात काल्पनिक खटल्यांवर युक्तिवाद करायचे, बाहेरच्या कॉलेजांशी स्पर्धा करायच्या. ऐकायला खेळ वाटतो. पण मोठे वकील हाताखाली उमेदवारीला घेताना पहिलं विचारायचे ते हेच, की सोसायटीत होतीस का. सभासद नसलेल्यांनी लायब्ररीत बसावं आणि पास व्हावं, एवढीच अपेक्षा. आणि सभासद होण्यासाठी निवड फेरीत उभं राहून बोलावं लागायचं. हे ऐकून मी मनात हसले होते. बोलायचंच तर आहे.

फेरी दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत होती. उंच टेबलामागे तिघं न्यायाधीश म्हणून बसलेले: दोघं वरच्या वर्गातले आणि एक कॉलेजात शिकून गेलेले वकील. मागच्या बाकांवर बाकीचे इच्छुक. खटला असा होता की एका हाउसिंग सोसायटीने भाडेकरूंना लिफ्ट वापरायची बंदी केली आहे आणि आपण भाडेकरूंची बाजू मांडायची. भाडेकरूंची बाजू! मला वाटलं, देवच पावला. माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, टेबलापाशी उभी राहिले, पाठ केलेलं इंग्रजी नमन म्हटलं, आणि वळले.

वळले म्हणजे टेबलाकडे पाठ केली आणि बाकांकडे तोंड. मी ठरवून काहीच केलं नव्हतं. बोलायचं म्हटल्यावर पाय आपोआप फिरले. समोर माणसं दिसली, आवाज मोकळा झाला, हात वर गेला. दम लागलेली म्हातारी जिना चढते आहे आणि लिफ्ट रिकामी खाली-वर करते आहे, असं काहीतरी मी सांगत होते. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. बाकांवरची पोरं आधी दचकली, मग हसायला लागली. मला वाटलं मुद्दा पोचला. मग मागून त्या वकील साहेबांचा आवाज आला, अगदी शांत: "काउन्सेल, कोर्ट इकडे आहे."

खोलीत जो हशा झाला तो पुढे वर्षभर चालला. मला नावच पडलं, सभा. मेसमध्ये ताट घेऊन गेले की कुणीतरी म्हणायचं, सरका, सभा आली. निवड अर्थातच झाली नाही. शेऱ्यामध्ये लिहिलं होतं की उमेदवाराला न्यायालय आणि जमाव यांतला फरक कळत नाही. जमाव! ते वाचून मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. रडण्यासारखं त्यात काय होतं, ते तिथल्या कुणाला सांगून कळलं नसतं आणि निघोज्यात कुणाला सांगायची सोय नव्हती. फोनवर अप्पांनी विचारलं, "झालं का बोलनं?" मी म्हटलं, झालं, पुढच्या वर्षी घेणार आहेत.

मला घडवलं ते मृण्मयीने. ती सोसायटीची सेक्रेटरी, निगडी प्राधिकरणात बंगला, आई-वडील दोघंही वकील. वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, मी भांडले असते. तिने आपण होऊन मला रोज संध्याकाळी वेळ दिला. रिकाम्या वर्गात मला भिंतीकडे तोंड करून उभं करायची आणि म्हणायची, भिंतीशी बोल. ती मागे बसून ऐकायची. मान वळली की टेबलावर पेन आपटायची. हात पाठीमागे बांधायचे. आवाज चढला की परत पहिल्यापासून. "तू खूप आत शिरतेस," ती म्हणायची. "अन्याय क्लायंटवर झालाय, तुझ्यावर नाही. तू फक्त मांडणारी." मी म्हटलं, आणि माझ्यावरच झाला असेल तर? ती हसून म्हणाली, "मग दुसरा वकील कर."

मी शिकले. इथे मी कुणाला दोष देणार नाही, कारण मला ते आवडायला लागलं होतं. आपला राग बाजूला ठेवून एखादी गोष्ट तीन वाक्यांत मांडता येते, समोरच्याचा मुद्दा आधी मान्य करून मग खोडता येतो, याची एक मस्ती असते. भिंतीशी बोलता बोलता मला भिंत आवडायला लागली. ती हसत नाही, शिट्टी मारत नाही, मधेच रडत नाही. सुट्टीत घरी गेले तर माय म्हणायची, "हळू का बोलायलीस? बरं न्हाई का तुला?"

दुसऱ्या वर्षी निवड झाली. यादीत नाव लागलं तेव्हा मी दोनदा जाऊन पाहून आले. मृण्मयीने मला मिठी मारली. ज्यांनी मला सभा म्हटलं होतं त्यांनीच पार्टी मागितली, आणि मी दिलीही. कोटाला लावायची सोसायटीची पिन मिळाली, पितळी, छोटीशी. कित्येक दिवस मी ती पुस्तकं आणायला जातानाही लावून जायचे.

नव्या सभासदांचा पहिला जाहीर युक्तिवाद मोठ्या हॉलमध्ये व्हायचा आणि त्याला घरच्यांना बोलवायची पद्धत होती. अप्पा आले, सोबत बबनकाका. दोघांनी पांढरे शर्ट घातले होते, इस्त्रीची घडी तशीच. माय आली नाही, म्हणाली माझ्यामुळं तुला लाज नको. पुढच्या खुर्च्या रिकाम्या असून दोघं सगळ्यात मागच्या रांगेत बसले. कोर्टात त्यांची तीच सवय झाली होती. माझी पाळी आली. मी टेबलासमोर उभी राहिले, हात पाठीमागे, आवाज टेबलापलीकडच्या तिघांना ऐकू जाईल एवढाच. माइक नव्हता. मी एकदाही वळले नाही. न्यायाधीशांनी मधेच अडवून विचारलेल्या प्रश्नांनाही चांगली उत्तरं दिली. त्या वर्षीच्या सभासदांत माझा युक्तिवाद सगळ्यात नीट झाला, असं सगळे म्हणाले.

बाहेर चहा होता. अप्पा कप हातात धरून उभे होते. म्हणाले, "चांगलं झालं असनार."

बबनकाकांना आडपडदा माहीत नाही. ते म्हणाले, "आमाला तर तुझी वेनीच दिसली बघ. ऐकूबी काय आलं न्हाई. पन साहेब मान हालवत व्हते, म्हंजी बरूबर आसंल." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अप्पा पिनेकडे बघत होते. ती काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

असनार. हा शब्द माझ्या कानातून आजही जात नाही. शाळेतल्या भाषणानंतर "काय बोललीस गं!" म्हणणारा माणूस हा. मला त्या क्षणी त्यांचाच राग आला. तुम्हीच पाठवलंत ना शिकायला? मग आता कळत नाही म्हणून उदास का होता? पण हे बोलायला गेले असते तर मागे वळून बोलावं लागलं असतं, आणि माझी ती सवय तेव्हा नुकतीच सुटली होती. मी त्यांना बिस्किटं आणून दिली.

पुढची वर्षं तशी बरी गेली. स्पर्धा, बक्षिसं, एका वकिलांकडे उमेदवारी. घरी जाणं सणावारापुरतं उरलं. अप्पा तोवर एका गोदामात वॉचमन झाले होते, केसच्या तारखा चालूच होत्या. मी शेवटच्या वर्षाला असताना कंपनीने निरोप धाडला: कामावर परत घेणार नाही, तडजोड करा आणि केस मागे घ्या. अप्पांच्या बाजूचा वकील म्हणाला, तुम्हीच ठरवा. मग अप्पांचा फोन आला. "तू ये. मानसं जमतील. तू समजावून सांग." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी दोन रात्री बसून केसचे सगळे कागद वाचले.

मीटिंग बबनकाकांच्या अंगणात होती, खोल्यांच्या समोर. वाळत घातलेले कपडे काढून तिथे सतरंज्या टाकल्या होत्या. माणसं खाली बसली, बायका दारांमध्ये उभ्या. मला खुर्ची दिली. मी उभी राहिले आणि बोलायला लागले. कागदोपत्री नोकरी ठेकेदाराची होती, हा कंपनीचा मुद्दा भक्कम आहे. काम प्रत्यक्ष कंपनीचंच होतं, हा आपला मुद्दाही चांगला आहे, पण पुरावा कमी पडतो. केस जिंकलो तरी कंपनी वर जाईल, आणखी वर्षं जातील. तडजोडीत हातात काहीतरी पडेल, पण नोकरीवरचा हक्क कायमचा सुटेल. माझा आवाज चढला नाही. मी कुठल्याच बाजूला झुकले नाही. माणसं मन लावून ऐकत होती आणि मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं, म्हणजे सोपं.

बोलून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, "मग लढावं का सोडावं?"

मी म्हटलं, "तो निर्णय तुमचा आहे. मी दोन्ही बाजू सांगितल्या."

बबनकाका उठून उभे राहिले. मला लहानपणापासून ए पोरी म्हणणारा माणूस हात जोडून म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या बाजूला मोप वकील हायती. आमी समजलो व्हतो तुमी आमच्या बाजूनं बोलाया आलाय."

मी काहीतरी उत्तर दिलं. सल्ला देणाऱ्याने भावनेच्या आहारी जाऊ नये, असं काहीसं. मला आठवत नाही, कारण मी अप्पांकडे बघत होते. ते भिंतीला टेकून बसले होते. इतकी वर्षं या माणसांना त्यांनीच धरून ठेवलं होतं. त्यांच्या एका शब्दावर ही माणसं अजून दहा वर्षं तारखा करत राहिली असती. ते सावकाश उठले, पँटला लागलेली माती झटकली आणि सगळ्यांना म्हणाले, "मॅडमचं बरूबर हाय. सह्या करून टाकू."

त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. टोमणा नव्हता. साहेबांशी बोलताना त्यांचा जो आवाज निघायचा, तोच होता. सह्या झाल्या. माय आतून चहा घेऊन आली आणि पहिला कप मला दिला, बशीसकट. आमच्या घरात बशी फक्त बाहेरच्यांना मिळायची.

माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. कायद्याने पाहिलं तर मी सांगितलं ते खरं होतं. खोटा धीर देऊन माणसांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणारे वकील मी आता रोज बघते, आणि मला त्यांची किळस येते. पण त्या अंगणात खरं सांगायची दुसरीही एक रीत होती. मी तुमच्यातली आहे, हरण्याची शक्यता जास्त आहे, आणि तरी तुम्ही लढलात तर सनद मिळाल्या दिवशी मी तुमच्या बाजूने उभी राहते, एवढं म्हणता आलं असतं. तेवढं वाक्य मला सुचलं नाही. ते सुचायची जागाच माझ्यात उरली नव्हती. ती जागा द्यावी लागते, तेव्हा पिन मिळते. हे आधी कुणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ती घेतलीच असती.

आता मी चऱ्होलीत राहते, नव्या टॉवरमध्ये, मैत्रिणीबरोबर भाड्याने. पिंपरीच्या कोर्टात माझी कामं चालतात, बरी चालतात. कॉलेजची सोसायटी दरवर्षी मला निवड फेरीला न्यायाधीश म्हणून बोलावते आणि मी जाते. नवी पोरं समोर उभी राहतात. कुणी जुन्नरचं, कुणी बीडचं. चुकलं की मी शांतपणे सांगते, आणि त्यांच्यातली हुशार पोरं लगेच सुधारतात. त्यांचं अभिनंदनही मीच करते. निघोज्याला जाते तेव्हा लोक आडून आडून सल्ले विचारतात, खुर्ची पुसून देतात. लांबच्या देशात गेलेल्यांना निदान परत येण्याची स्वप्नं पडतात. मी दर महिन्याला परत जाते, आणि तरी पोचत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या दुसऱ्या एका कंपनीने कंत्राटी पोरं काढली. मला ते माहीत नव्हतं. मावसभावाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला तेव्हा कळलं. गेटसमोर गर्दी, बाजूला बबनकाका, बायकांमध्ये माय बसलेली, आणि अप्पा बोलत होते. इतक्या वर्षांनी. आवाज बसलेला, पण माणसं हलत नव्हती. मी तो तीन-चार वेळा पाहिला आणि फोन लावला. म्हटलं, अप्पा, मला का नाही सांगितलं? मी आले असते.

 अप्पा म्हणाले, "तुला तारीख आसंल म्हनून न्हाई सांगितलं."

गेट मीटिंग झाली तो रविवार होता. रविवारी कोर्ट नसतं, हे अप्पांना चांगलं माहीत आहे.